टी-पेशीची ओळख आणि औषधाची वाट

शरीरातील एखादी पेशी रोगट झाली की तिला हुडकण्याचे काम टी-पेशी करतात. पण टी-पेशीला दुसऱ्या पेशीच्या आत शिरता येत नाही. मग आत काय बिघडले आहे हे तिला कळते कसे?

बहुतेक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर मांडून ठेवतात. ते धरणाऱ्या एचएलए या रेणूची रचना १९८७ साली हार्वर्डमधील पामेला ब्योर्कमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. त्या रेणूला एक खोबण आहे आणि तुकडा तिच्यात बसतो, असे दिसून आले. १९९६ साली अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत ख्रिस्तोफर गार्सिया, इयन विल्सन प्रभृतींनी टी-पेशीच्या रिसेप्टरची रचना मांडली. हा रिसेप्टर खोबणीवर तिरका बसतो. तुकडा आणि खोबणीच्या कडा तो एकदमच चाचपतो. म्हणून तुकडा तोच असूनही खोबण वेगळी असेल, तर ओळख सहसा पटत नाही.

रचना कळली की ती बदलताही येते. इंटरल्यूकिन-२ हे प्रथिन टी-पेशींना चेतवते. पण त्याची पकड घट्ट होण्यास रिसेप्टरच्या एका मदतनीस घटकाची गरज लागते. गार्सिया यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने २०१२ साली त्यात असे बदल केले की त्या मदतनिसावाचूनही ते घट्ट बसू लागले.

याच ज्ञानशाखेतून इतरांनी टेबेन्टाफस्प हे औषध घडविले. त्यात टी-पेशीचा रिसेप्टर सुधारून वापरला आहे. डोळ्याच्या एका कर्करोगावर अमेरिकेत त्याला २०२२ साली मान्यता मिळाली. मात्र ते एचएलए-ए०२:०१ ही एकच खोबण असलेल्या रुग्णांनाच देता येते. युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत ती आढळते. इतर अनेक लोकसमूहांत पुष्कळ कमी.

एचएलएचे हजारो प्रकार आहेत. त्यात उच्च-नीच काही नाही. उलट या विविधतेमुळेच एका रोगापुढे सारा समाज एकदम कोसळत नाही. रेणूला माणसाची प्रतिष्ठा कळत नाही. परंतु हजारांतून कोणती खोबण आधी निवडायची, हे रेणू ठरवीत नाही, माणसे ठरवितात. तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराशी आपण विचारायचा प्रश्न साधा आहे : हे औषध कोणाच्या शरीराचे माप घेऊन शिवले आहे?