पापलेट घेताना लांबी बघा! 🐟

संभाजीनगरच्या मासेप्रेमींनो, समुद्र लांब असला तरी त्याचं भविष्य आपल्याही खरेदीवर ठरतं.

2023 मध्ये राज्याने 54 प्रजातींसाठी पकडीची किमान लांबी ठरवली. राज्यमासा पापलेटसाठी ती 135 मिमी आहे. अंडी घालण्याआधीच मासा पकडला, तर पुढची पिढी येणार कुठून?

नको ते जीव जाळ्यात अडकू नयेत, अडकले तर सुटावेत म्हणून:

🔹 ट्रॉल जाळ्याच्या शेपटाला चौकोनी आस (छिद्रं) असले की ओढताना ते मिटत नाहीत आणि लहान मासे निसटतात.

🔹 कासव, डॉल्फिन सोडवताना जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना 2018 पासून आहे.

चिमुकलं पापलेट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, विक्रेत्यालाही कारण सांगा. गिऱ्हाईक नसेल तर ते पकडणं परवडणारच नाही.