कमरेचं पिस्तूल कुणाचं रक्षण करतं?

फेब्रुवारी २००८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या प्लॅक्सिको बरेसने सुपर बोल या अंतिम सामन्याचा विजयी टचडाउन झेलला आणि अख्खं शहर त्याच्यावर फिदा झालं. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या रात्री तो मॅनहॅटनमधल्या एका नाइटक्लबमध्ये गेला. भरलेलं ग्लॉक पिस्तूल त्याने पँटीत नुसतंच खोचलं होतं. ते पायावरून घसरू लागलं. सावरायला त्याने हात घातला, चाप दाबला गेला आणि गोळी त्याच्याच उजव्या मांडीत शिरली.

त्याची भीती खोटी नव्हती, हे आधी सांगायला हवं. तीनच दिवसांपूर्वी त्याच्या संघातल्या स्टीव्ह स्मिथला बंदूक रोखून लुटलं होतं. पण या भीतीतून जे समज पसरले आहेत, ते खेळाडूंच्या जिवावर बेततात.

पहिला समज : एकदा परवाना काढला की कुठेही शस्त्र बाळगता येतं. अमेरिकेत परवाना राज्यागणिक बदलतो. बरेसकडे फ्लोरिडाचा परवाना होता आणि त्याचीही मुदत संपलेली. मुदत असती तरी न्यूयॉर्कने तो मानला नसता. गुन्हा कबूल करून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. शिवाय परवाना कितीही पक्का असो, स्टेडियममध्ये, सराव केंद्रावर किंवा संघाच्या बसमध्ये शस्त्र आणायला एनएफएल या फुटबॉल लीगची बंदीच आहे.

दुसरा समज जास्त हळवा आहे : हाताशी पिस्तूल असतं तर फुटबॉलपटू शॉन टेलर वाचला असता. नोव्हेंबर २००७ मध्ये मायामीजवळच्या त्याच्या घरात चोर घुसले. तो कोयता घेऊन उठला, मांडीत गोळी लागली, मोठी रक्तवाहिनी तुटली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय अवघं २४. पिस्तुलाने तो वाचला असता की नाही, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला मात्र वेगळीच गोष्ट टोचते. आठवडाभर आधीच त्याच घरात घरफोडी झाली होती. म्हणजे इशारा मिळाला होता. आणि चोर आले ते घरात कोणी नाही, अशा समजुतीने.

चोरांना रिकामंच घर हवं असतं. २०२४ मध्ये पॅट्रिक महोम्स, ट्रॅव्हिस केल्सी आणि जो बरो या फुटबॉलपटूंची घरं फुटली. बरो तेव्हा डॅलसमध्ये सामना खेळत होता. खेळाडू कोणत्या दिवशी कुठे असणार, हे वेळापत्रक पाहून कुणालाही कळतं. अशा वेळी कपाटातलं पिस्तूल घर राखत नाही, उलट चोराच्या हाती लागतं. तिथे पहारेकरी हवा, चांगला अलार्म हवा आणि घराचे फोटो समाजमाध्यमांवर न टाकण्याची शिस्त हवी.

उरला शेवटचा समज, की घरातलं शस्त्र फक्त बाहेरच्यांवर चालतं. १ डिसेंबर २०१२ रोजी कॅन्सस सिटी चीफ्सच्या जोवान बेल्चरने आपल्या प्रेयसीला घरातच गोळ्या घातल्या आणि मग संघाच्या आवारात जाऊन स्वतःवर गोळी झाडली. घरात त्यांची तीन महिन्यांची मुलगी होती.

म्हणून खेळाडूंच्या सुरक्षेची जबाबदारी संघांनी आणि लीगने घ्यावी, ती त्यांच्या कमरेला बांधू नये. बरेस २०११ च्या जूनमध्ये तुरुंगातून सुटला आणि बंदुकीच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या ब्रॅडी कॅम्पेनबरोबर बंदुकीच्या धोक्यांबद्दल तरुणांशी बोलू लागला.