पुरुषांचा वाटा : स्त्री-समतेविषयी पाच गैरसमज

८ मार्चला महिला दिनाच्या शुभेच्छा देणाऱ्या पुरुषांची महाराष्ट्रात वाण नाही. फुले, कर्वे, आंबेडकर ही नावे घेतली की आपण पुरोगामी ठरलो, असेही अनेकांना वाटते. त्या मंडळींनी मात्र पदरचे काहीतरी गमावून बायकांची बाजू घेतली होती. तीच कसोटी लावून काही रूढ समज तपासून पाहू.

गैरसमज १ : हा बायकांचा प्रश्न आहे, पुरुषांनी त्यात कशाला पडायचे?

वस्तुस्थिती : बायकांना जाचणाऱ्या बहुतेक रूढी पुरुषांच्या सोयीने टिकतात, त्यामुळे पुरुष त्यात आधीच पडलेला असतो. प्रश्न फक्त बाजूचा उरतो. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांना व सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले, तर मुरूड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिपद सोडले. बायकांना घटस्फोटाचा आणि मालमत्तेचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. त्या बिलातल्या तरतुदी पुढे १९५५-५६ मध्ये वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आल्या.

गैरसमज २ : म्हणजे बायकांचा उद्धार पुरुष सुधारकांनीच केला.

वस्तुस्थिती : हा पहिल्या समजाचा उलटा भाऊ. फुल्यांच्या शाळा सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांनी शिकवून चालवल्या. कर्व्यांशी लग्न करणाऱ्या गोदूबाई त्याआधीच पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. ते सदन रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केले होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांचा दुटप्पीपणा वेशीवर टांगला, तेव्हा खुद्द फुल्यांच्या सत्यशोधक समाजातल्या काहींनाही ते झोंबले. फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू घेतली आणि त्यासाठी आपल्याच सहकाऱ्यांचा रोष पत्करला. पाठीराख्या पुरुषाचे काम कसे असते ते इथे दिसते. बोलत ताराबाई होत्याच. त्यांना गप्प करू पाहणाऱ्या आपल्या माणसांना फुल्यांनी अडवले.

गैरसमज ३ : हल्ली पुरुषही घरकाम करतातच की!

वस्तुस्थिती : राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात दिवसभरात काहीतरी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१ टक्के निघाल्या आणि पुरुष २६ टक्के. बरे, जे पुरुष करतात त्यांचीही सरासरी ९७ मिनिटे. बायकांची २९९, म्हणजे जवळजवळ पाच तास. रविवारी एकदा मटण शिजवून ही तफावत भरून निघत नाही. रोजचा डबा, भांडी, आजाऱ्याचे पथ्य, उद्याच्या भाजीची चिंता यांपैकी काही कायमचे अंगावर घेतले तरच ती कमी होईल.

गैरसमज ४ : ऑपरेशन बाईनेच करावे, पुरुषाची ताकद जाते.

वस्तुस्थिती : पुरुष नसबंदीत शुक्रवाहिन्या बंद केल्या जातात. वृषणांचे काम आणि पुरुषी संप्रेरके तशीच राहतात, त्यामुळे लैंगिक क्षमता जात नाही. जागा बधिर करून, बिनटाक्याच्या पद्धतीने ही शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते. बाईच्या शस्त्रक्रियेत मात्र पोटाला छेद द्यावा लागतो. पुरुषाने पाळायचे पथ्य एकच महत्त्वाचे : पुढचे सुमारे तीन महिने दुसरे गर्भनिरोधक वापरायचे आणि वीर्यतपासणी करून खात्री करायची. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष नसबंदीचे ०.३. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले ते १९२१ मध्ये. शंभर वर्षे उलटली, सगळा भार अजून बाईच्याच शरीरावर आहे.

गैरसमज ५ : बायकोच्या किंवा बहिणीच्या नावावर जमीन गेली की घर फुटते.

वस्तुस्थिती : शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला महिलांचे मोठे अधिवेशन भरवले. त्यानंतरच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. ज्या गावात असे शंभर शेतकरी पुढे येत, तिथे संघटनेचे नेते शरद जोशी स्वतः जात. आज नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर चढवता येते. मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर केंद्राने २००५ मध्ये दिला. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन साडीचोळीवर तिची बोळवण होते. माहेर तुटण्याच्या भीतीने ती सही करते, आणि आपण म्हणतो, ‘तिने आनंदाने सोडले.’

एवढे सगळे करणारा पुरुष ‘बायकोच्या ताटाखालचे मांजर’ ठरतो. या टोमण्याच्या धाकाने कितीजण गप्प बसतात! हे गप्प बसणे हिंसेलाही झाकते : वर आलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली आहे. हे नवरे आपल्याच मित्रांत, भावकीत, ऑफिसात असतात. मुंबईत १९९३ पासून काम करणारी ‘मावा’ ही संस्था म्हणूनच तरुण मुलांशी बोलते, कारण मित्राचे ऐकण्याची शक्यता जास्त. आणि ऐकलेच नाही, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा शेजाऱ्यालाही अधिकार देतो : हिंसेची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर त्यासाठी कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. तेव्हा ‘त्यांच्या घरातली गोष्ट’ म्हणून दार लावून घ्यायला कायद्याची तरी सबब उरलेली नाही.