संशोधन टिकावे, तर त्याचा पत्ताही टिकावा

भेलसंहिता आज आपणांस वाचावयास मिळते, ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील खंडित हस्तलिखितामुळे. १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने ती छापली. ती प्रत नष्ट झाली असती, तर आज आपल्या हाती काय उरले असते?

आपल्या आजच्या संशोधनाची स्थिती फारशी निराळी नाही. रुग्णनोंदींची कोष्टके, औषधांचे प्रमाणीकरण व टिकाऊपणाच्या चाचण्यांचे अहवाल बहुधा एकाच संगणकात वा संकेतस्थळावर असतात. संकेतस्थळाची रचना बदलली की निबंधात दिलेला दुवा निकामी होतो आणि वाचकास पुरावा पडताळता येत नाही.

यावर डीओआय हा उपाय आहे. हा क्रमांक जागेला नव्हे, दस्तऐवजाला दिलेला असतो. रुग्णाने घर बदलले, तरी आपल्या वहीतील त्याचा नोंदणी क्रमांक बदलत नाही, तसेच हे. मात्र नवा पत्ता नोंदविण्याचे काम भांडाराचे असते. म्हणून भांडार विश्वासार्ह हवे. युरोपातील सर्न संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेले झेनोडो हे असे एक विनामूल्य भांडार आहे. तेथे सुधारित आवृत्तीस वेगळा क्रमांक मिळतो व जुनीही जतन होते.

फाईल ठेवण्यापूर्वी काही पथ्ये पाळावीत, असे आम्ही सुचवितो. रुग्णाची संमती घ्यावी. नाव, पत्ता व ओळख पटेल असा तपशील काढून टाकावा. एकदा प्रसृत झालेली माहिती पूर्णपणे परत घेता येत नाही. जुन्या टंकांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, अन्यथा फाईल टिकेल, पण अक्षरे वाचता येणार नाहीत. कोष्टके सीएसव्ही व अहवाल पीडीएफ-ए स्वरूपात ठेवावेत. द्रव्याच्या संस्कृत नावासोबत शास्त्रीय नाव अवश्य द्यावे. शंखपुष्पी या एकाच नावाने प्रांतोप्रांती भिन्न वनस्पती वापरल्या जातात.

औषधनिर्मात्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. ज्या कल्पावर पेटंट घ्यावयाचे आहे, त्याची माहिती अर्जापूर्वी खुली करू नये. नावीन्याचा दावा त्यामुळे बाधित होतो. गोपनीय फाईल मर्यादित प्रवेशाने ठेवण्याची सोय आहे.

आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे, की पुढील निबंध धाडण्यापूर्वी त्यामागील नोंदी सुरक्षित ठेवाव्यात आणि निबंधात त्यांचा क्रमांक द्यावा. आपला अनुभव पुढच्या पिढीस पडताळता आला, तरच त्याला प्रमाणाचे मोल येईल.