स्त्री-अधिकार, स्वयंसेवक आणि शासकीय द्रव्यसाह्य : कॅनडाचा अनुभव

परदेशी जाऊन स्त्रियांच्या अधिकारांसाठी झटणारा स्वयंसेवक विनामूल्य कार्य करतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो रूढ अर्थाने वेतन घेत नाही हे खरे. तथापि त्याचा प्रवास, निवास, विमा, प्रशिक्षण आणि निर्वाहभत्ता यांचा खर्च कोणी तरी सोसावाच लागतो. अनेक देशांत हा भार मुख्यतः शासन उचलते. मग एका देशातील करदात्यांचा पैसा दुसऱ्या देशातील स्त्रियांच्या हक्कांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो, हा प्रश्न उपस्थित होतो. कॅनडाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

'कुसो' ही तेथील स्वयंसेवक पाठविणारी संस्था १९६१ साली विद्यापीठीय वर्तुळातून उदयास आली. प्रारंभी तिचा भर शिक्षक, परिचारिका व तंत्रज्ञ पाठविण्यावर होता. १९६८ साली विकाससाह्यासाठी स्वतंत्र शासकीय यंत्रणा, 'सीडा', स्थापन झाली. या यंत्रणेने १९७६ साली विकासातील स्त्रियांच्या सहभागाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, तर १९९९ साली स्त्री-पुरुष समतेचे धोरण स्वीकारले. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. पहिल्या विचारात स्त्रीला चालू व्यवस्थेत सामावून घेणे अभिप्रेत होते. दुसऱ्यात त्या व्यवस्थेतील सत्तासंबंधच बदलणे अभिप्रेत आहे. २०१७ साली जाहीर झालेल्या स्त्रीवादी साह्यधोरणाने ही दिशा अधिक ठळक केली, आणि २०२० ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला स्वयंसेवक सहकार्य कार्यक्रम त्याच धोरणाच्या चौकटीत बसविण्यात आला.

या द्रव्यसाह्याचे स्वरूप समजण्यासाठी 'अनुदान' व 'अंशदान' यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. कॅनडाच्या शासकीय व्यवहारात पात्रता सिद्ध झाल्यावर दिलेल्या अनुदानाच्या विनियोगाचा सामान्यतः तपशीलवार हिशेब द्यावा लागत नाही. अंशदान मात्र करारातील अटींनी बांधलेले असते; त्याचे लेखापरीक्षण होऊ शकते आणि ठरलेल्या फलितांविषयी अहवाल सादर करावा लागतो. अशा करारान्वये पैसा प्रथम कॅनडातील संस्थेकडे जातो. ती संस्था स्वयंसेवक निवडून स्थानिक भागीदार संस्थेकडे पाठविते. म्हणजेच स्थानिक स्त्री-संघटनेच्या हाती मुख्यतः पडते ते मनुष्यबळ व कौशल्य; रोकड नव्हे.

येथेच खरी अडचण आहे. हिशेब ठेवणे, कायदेविषयक माहिती संकलित करणे, प्रचारसाहित्य तयार करणे या कामी बाहेरचा तज्ज्ञ उपयोगी पडतो, हे निर्विवाद आहे. परंतु अत्याचारपीडित स्त्रीला आश्रय देणे, न्यायालयात तिच्या बाजूने उभे राहणे, गावच्या रोषाला वर्षानुवर्षे तोंड देणे ही कामे स्थानिक कार्यकर्त्यांनाच करावी लागतात. आणि त्यांचे मानधन, जागेचे भाडे वा प्रवासखर्च यांसाठी स्वयंसेवक हा पर्याय होऊ शकत नाही. ही उणीव ओळखूनच कॅनडाने २०१७ साली पाच वर्षांसाठी १५ कोटी डॉलरांचा वेगळा कार्यक्रम जाहीर केला. विकसनशील देशांतील स्त्री-संघटनांना त्यांच्या मूलभूत खर्चासाठीही साह्य देण्याची सोय त्यात होती.

दुसरी अडचण मापनाची. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या पद्धतीनुसार प्रत्येक प्रकल्पाला स्त्री-पुरुष समतेच्या दृष्टीने शून्य, एक वा दोन असा अंक दिला जातो : समता हे उद्दिष्ट नसल्यास शून्य, महत्त्वाचे पण दुय्यम असल्यास एक, आणि प्रमुख असल्यास दोन. हा अंक हेतूचा निदर्शक आहे, परिणामाचा नव्हे. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात याच स्वरूपाचा आक्षेप घेतला : स्त्रियांच्या स्थितीत या साह्यामुळे किती सुधारणा झाली, हे संबंधित खात्याला दाखविता आले नाही. प्रशिक्षणाला किती स्त्रिया उपस्थित होत्या हे मोजता येते. त्यानंतर किती जणींचा शब्द घरात वा पंचायतीत मानला गेला, हे मोजणे दुष्कर असते.

२०२० सालच्या साथीत अनेक स्वयंसेवकांना मायदेशी परतावे लागले, आणि काही काम दुरूनच करण्याची वेळ आली. प्रत्यक्ष जागेवरचे काम अर्थातच स्थानिक संघटनांवर येऊन पडले. स्वीडनने २०१४ साली स्वीकारलेले स्त्रीवादी परराष्ट्रधोरण २०२२ साली नव्या शासनाने सोडून दिले. सारांश, स्वयंसेवक परततो आणि धोरणही पालटते. मागे राहते ती स्थानिक संघटना. म्हणून अशा कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना किती स्वयंसेवक पाठविले याहून, ते परतल्यावर ती संघटना स्वबळावर उभी राहिली की नाही, हीच कसोटी अधिक उचित ठरते.