ढोल कुणाच्या परवानगीने बोलणार?

संग्रहालयांतली वाद्यं मूळ समाजाला परत द्यावीत का, हा वाद बहुतेक वेळा मालकीपाशी येऊन अडतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की वाद्याला हात कुणी लावायचा, ते कधी वाजवायचं, कधी गप्प ठेवायचं, हे ठरवणार कोण? आयव्हरी कोस्टच्या एब्रिए लोकांचा ‘जिजी आयोक्वे’ हा ढोल घ्या. इरोकोच्या लाकडाचा, तीन मीटरहून लांब, सुमारे ४३० किलो वजनाचा. फ्रेंच अंमलदार वेठबिगारीसाठी माणसं धरायला निघाले, की त्याच्या ठोक्यांवरून गावोगाव वर्दी जाई आणि माणसं रानात पसार होत. १९१६ साली फ्रेंचांनी तो जप्त केला. कलाप्रेमाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

‘आम्ही नेला म्हणून टिकला’ हे उत्तर इथे टिकत नाही. पॅरिसला जाण्याआधी तो कित्येक वर्षं गव्हर्नरच्या बागेत उघड्यावर पडून होता, किडीने पोखरला. २०२२ मध्ये त्याची दुरुस्ती करायची, तर आधी एब्रिए प्रमुखांना पॅरिसला बोलवावं लागलं. आपल्याकडे मूर्ती हलवण्याआधी उत्तरपूजा करतात, तसा विधी त्यांनी केला आणि मगच तज्ज्ञांनी हत्यारं उचलली. कागदोपत्री मालकी तेव्हाही फ्रान्सचीच होती, अधिकार मात्र प्रमुखांचा मानला गेला. या एका ढोलासाठी फ्रेंच संसदेने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. परतला तरी त्याची जागा आबिजानच्या संग्रहालयातच, मग फरक काय, असं कुणी म्हणेल. आबिजान ही एब्रिएंचीच भूमी आहे. तिथे जायला त्यांना व्हिसा लागत नाही.

वाजवल्याने जुनं वाद्य झिजतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. शिवाय संग्रहालयं एके काळी किडीवर आर्सेनिक, डीडीटी सर्रास वापरत. असं फुंकवाद्य ओठाला लावणं घातक ठरू शकतं. पण म्हणून दार बंद ठेवायचं कारण नाही. वारल्यांचा तारपा भोपळा, बांबू, ताडाची पानं आणि मेण यांचा. तो खराब होतो, पुन्हा नवा बनवला जातो. जुना तारपा फुंकायची गरजच नाही. तो बनवणाऱ्याला कोठारात येऊ द्यावं, मापं घेऊ द्यावीत, चूक दिसली तर नोंदही बदलू द्यावी. पुढच्या वेळी संग्रहालयात तारपा दिसला, तर पाटीवर वाजवणाऱ्याचं नाव-गाव आहे का ते पाहा. नसेल, तर तिथल्या अधिकाऱ्यांना जरूर विचारा.