मध्यम विमानाचें महत्त्व

सायंकाळीं एका शहरीं स्वाधीन केलेलें पार्सल हजारों किलोमीटरांवरील दुसऱ्या शहरीं सकाळीं दारांत हजर होतें. अमेरिकेंत हें काम करणाऱ्या विमानांत बोइंग ७६७ या मध्यम आकाराच्या मालवाहू विमानाचा वांटा मोठा आहे. यूपीएस या पार्सलवाहक कंपनीनें १९९३ सालीं त्याची मागणी नोंदविली. पहिलें विमान १९९५ सालीं तिच्या हातीं आलें. त्याच्या मुख्य मजल्यावर मालाचे २४ पॅलेट मावतात, आणि सुमारें ५२ टन माल घेऊन तें सुमारें ६,००० किलोमीटर उडूं शकतें.

याच्या दुपटीहून अधिक भार नेणारें बोइंग ७४७ असतां हें कशाला हवें? पार्सलें आकारानें फुगीर, पण वजनानें हलकीं असतात. भाराची मर्यादा गांठण्यापूर्वींच जागा संपते. शिवाय अनेक शहरांचा माल रात्रीं लुईव्हिल येथील केंद्रांत येतो, तेथें निवडला जातो व पहांटेपूर्वीं पुन्हां पांगतो. एकेका शहराचा माल बेताचाच. मोठें विमान अर्धें रिकामें उडेल. भरेपर्यंत थांबावें, तर सकाळ हातची जाईल.

हें मालवाहू विमान बांधणें २०२७ सालीं थांबविण्याचा निर्णय बोइंगनें २०२४ सालीं जाहीर केला. त्या कंपनीचें ७७७-८एफ व एअरबसचें ए३५०एफ हीं नवीं मालवाहू विमानें शंभर टनांवरचीं आहेत. मधली जागा जुन्या प्रवासी विमानांना मालवाहू रूप देऊन भरली जाते. वाहन मोठें असण्यापेक्षां बेताचें असणें कित्येकदां अधिक मोलाचें ठरतें.